पुस्तक कुठं अडतं, तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत वाचकांचे पुस्तकांवरचे अभिप्राय येतात. दहांतल्या आठांत ‘संग्राह्य’, ‘वाचनीय’ आणि ‘खिळवून ठेवणारे’ हेच शब्द फिरत असतात. वाचनालयाच्या टेबलाशी पुस्तक हातात धरून ‘नेऊ का?’ म्हणून उभा असलेल्याला त्यातून काही कळत नाही. पुस्तक कुठं रेंगाळतं आणि का, हे त्याला हवं असतं. आपल्या भागातल्याच लेखकांवरून सांगतो.

प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लहानगा लंपन बेळगावात सगळ्यांचा लाडका. पुस्तकं चार : वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. गोष्टी सुट्या वाचता येतात, पण क्रम हाच ठेवावा. वनवास 1994 चं, तिथून मुलगा हळूहळू वाढत जातो. भाषेला इथं कुणी अडत नाही. ‘कणबर्गी गंग्या’ हे त्यातल्या पात्राचं नाव पुण्याच्या वाचकाला टोपणनाव वाटेल. आपल्याला कणबर्गी हे गाव ठाऊक आणि गाव आधी, नाव मागून ही कानडी रीतही ठाऊक. अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी लिहीत नाही. चारही सलग वाचली तर लंपनचं ते ‘मॅडसारखं’ बोलणं आणि अतिशयोक्तीचे आकडे तिसऱ्या पुस्तकापर्यंत अंगवळणी पडतात, हसू येईनासं होतं. मध्ये महिनाभर दुसरं काही वाचावं.

कथाकार जी. ए. कुलकर्णी मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, तेव्हा ‘आपलेच’ म्हणून लोक हाताला येईल तो संग्रह उचलतात. नेमका रमलखुणा आला की फसगत. त्यात दोनच दीर्घकथा, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. ओळखीचं गाव नाही, काळ नाही, धरायला काही सापडत नाही. निळासावळा (1959) किंवा पारवा (1960) पासून सुरुवात करावी, मग काजळमाया (1972), रमलखुणा त्यानंतर. एका बैठकीला एकच कथा. वाक्यावाक्याला उपमा असल्यानं वाचनाचा वेग निम्म्यावर येतो, आणि चौथ्या-पाचव्या कथेपर्यंत शेवटी वाईटच होणार हे आधी कळून चुकतं. हा दोष म्हणायला धीर लागतो, पण आहे.

आता कन्नडमधून आलेली पुस्तकं. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत उमा कुलकर्णींनी आणल्या. वंशवृक्षच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी मूळ वाचून दाखवत आणि त्या ऐकून मराठीत उतरवत. म्हणूनच की काय, ही वाक्यं मोठ्यानं वाचली तर अडत नाहीत. भैरप्पांच्याच, महाभारतावरच्या पर्वची सुरुवात मात्र मद्र देशात, म्हाताऱ्या शल्यापाशी होते. भीष्म-कृष्णाची वाट पाहणारा वाचक तिथंच पुस्तक मिटतो. शिवाय कथा एकाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात जाते. प्रकरण कुणाचं, हे कागदाच्या चिठ्ठीवर टिपत गेलं तर घोळ होत नाही. पुस्तक जाड आहे. पंधरा दिवसांची मुदत असेल आणि रोज 40 पानं झाली तरी 600 च होतात, तेव्हा मुदत वाढवूनच घ्यावी.

कन्नडमधून आलेला कुठलाही अनुवाद तपासायचा तर नात्यांचे शब्द बघा. कन्नडात ‘चिक्कम्मा’ म्हणजे आईची धाकटी बहीण, आणि धाकट्या चुलत्याची बायकोही. मराठीत मावशी की काकू, हे अनुवादकाला ठरवावंच लागतं. चुकलं की तीस पानांनी बाईचं माहेरच बदलतं! ‘मावा’चं तसंच : मामाही तोच, सासराही तोच. त्यात तिकडे मामा-भाचीचं लग्न चालतं. मराठी वाचकाला ते कळावं म्हणून तळटीप नसेल तर तो दोन पानं मागं जाऊन नाती जुळवत बसतो. इथल्या बऱ्याच जणांना दोन्ही लिप्या येतात. मूळ प्रत शेजारी ठेवून एक प्रकरण ताडून पाहिलं, तर अभिप्रायाला वजन येईल की.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट. वाचनालयातल्या जुन्या प्रती पुन्हा बांधताना टोच्यानं भोकं पाडून बाजूनं शिवतात आणि कडा कापून सरळ करतात. मग पान पुरतं उघडत नाही, आतल्या बाजूची दोन-दोन अक्षरं शिवणीत जातात. जोर लावून उघडलं की पावसाळ्यात सर्दावलेलं पान तिथंच फाटतं. ‘वाचायला जड गेलं’ असं ज्यांच्याविषयी छापून येतं, त्यांतली काही पुस्तकं निव्वळ एवढ्यामुळं जड गेलेली असतात.

अभिप्रायाखाली आवृत्तीचं वर्ष, पानं, किंमत आणि कितव्या पानावर कंटाळा आला, एवढ्या चार गोष्टी मागवाव्यात. पुस्तक अर्ध्यावर सोडलं असेल तर तसं लिहिणाऱ्याचाही अभिप्राय छापावा, ही विनंती.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव