यंत्रासोबत सुटे भागही पाठवा

महोदय,

सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध सुरू आहे. तिथल्या रुग्णालयांसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रे) द्यायचे असतील, तर नुसती यंत्रे धाडून भागत नाही. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारे यंत्र साधारण ३५० वॉट वीज खाते, दहा लिटरचे ६०० च्या आसपास, तेही अखंड. म्हणजे आधी जनरेटरच्या डिझेलचा हिशोब. तिथला पुरवठा आपल्यासारखाच २३० व्होल्टचा असल्याने इथली यंत्रे चालतात. ११५ व्होल्टचे अमेरिकी यंत्र थेट जोडले तर जळते. जनरेटरचा दाब खालीवर होतो, म्हणून स्टॅबिलायझर हवाच.

खरा शत्रू धूळ. बाहेरची जाळी दर आठवड्याला धुतली नाही तर हवा अडते, कॉम्प्रेसर तापतो. आतल्या झिओलाइटला, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषणाऱ्या खड्यांना, ओलावा लागला की ऑक्सिजनची शुद्धता ९३ टक्क्यांवरून घसरते. अशा वेळी नळीतून हवा येत राहते, पण रुग्णाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. हे कळायला ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लागतो आणि नेमका तोच खोक्यात नसतो! प्रत्येक यंत्रामागे जादा फिल्टर, लहान मुलांच्या नाकनळ्या आणि अरबीतली माहितीपुस्तिका द्यावी. बालकक्षासाठी फ्लो स्प्लिटर (ऑक्सिजन अनेक नळ्यांत वाटून देणारे उपकरण) दिला तर एका यंत्रावर चार-पाच बालके राहू शकतात.

नको ती मदत किती महाग पडते हे बोस्नियात दिसले: १९९२ ते १९९६ या काळात सुमारे १७ हजार टन निरुपयोगी औषधे तिथे येऊन पडली. देणाऱ्यांनी आधी रुग्णालयाकडून गरजेच्या वस्तूंची यादी मागवावी.

– काही बायोमेडिकल अभियंते, पुणे