शिवा, पिल्लू कुणाकडचं आणू?

कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय शिवा,

काल कागलच्या अलीकडं एका माणसाकडं जर्मन शेफर्डची पिल्लं बघायला गेलो आणि तिथं मला आपल्या जुन्या कुत्र्याची, सुलतानची चाल दिसली. तुला एवढं पुरे. घरात सांगितलं तर सगळी म्हणाली, कुत्रंच ते, चालणारच की. फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून लिहायला बसलोय.

इकडं सगळं ठीक. आईची साखर आटोक्यात, माझा गुडघा कुरकुरतोय, बाकी काही नाही.

तर तो माणूस. दारात मोठा फलक, भिंतीला चषक आणि तोंडात सारखं 'बाप इम्पोर्ट, डबल बोन, लाँग कोट', म्हणजे जाड हाडं, लांब केस. पिल्लं काळी-तांबडी, देखणी, यात वाद नाही. म्हटलं, आई दाखवा. म्हणाला, ती अंगावर येते, बांधलीय. मी हललोच नाही तेव्हा आणली. पाठ मागं उतरत गेलेली, मागचे पाय जवळजवळ टाचेवर टेकलेले आणि पाऊल टाकलं की कंबर डावी-उजवी. तेवढ्यात कुणीतरी घमेलं आपटलं. ती मालकाच्या पायामागं शिरली आणि तिथनं भुंकत राहिली. अंगावर येणारी कसली, भ्यालेली होती बिचारी. भ्यालेलं कुत्रं आधी चावतं, हे आण्णा आपल्याला सांगून सांगून दमले होते.

खुब्याच्या प्लेटा, म्हणजे एक्स-रे, विचारल्या. 'आमच्यात तसला आजार न्हाई,' म्हणाला आणि केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा, वंशावळीचा कागद पुढं केला. कागदावर आजा-पणजा कळतो, खुबा कळत नाही. खुबा एक्स-रेवरच दिसतो, तोही कुत्रं वर्षाचं झाल्यावर, भूल देऊन, पाय सरळ ताणून काढलेल्या. त्यावर 'ए' ते 'ई' अशी प्रत ठरते, 'ए' सगळ्यात चांगली. निघताना पिल्लासोबत कॅल्शियमची बाटली फुकट देतो म्हणाला! मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला वरनं कॅल्शियम पाजलं, खाऊ घालून गुबगुबीत केलं, की सांध्यांची वाट लागते. सुलतानच्या वेळी अख्ख्या कोल्हापुरात हे सांगणारं कोण होतं? सहाव्या वर्षी पोत्यावर घालून त्याला जिन्यावरनं उतरवला, तू पुढं, मी मागं. ते परत करायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तू म्हणणार, कारवानी घे, आपलं देशी मुधोळ हाउंड. माहितीय मला! रंकाळ्यावर भेळ गार होईपर्यंत तू त्याच्यावर भांडला होतास, आणि २०१६ साली मुधोळचे कुत्रे मेरठला लष्कराकडं गेले तेव्हा पेढे दिल्यासारखी बातमी वाटत फिरलास. कारवानीचं काहीच वाईट नाही. पण ते डोळ्यानं शिकार धरतं, ससा दिसला की शेत ओलांडून पार. मला वस्तीवर शेळ्यांबरोबर दिवसभर चालणारं, माग काढणारं, हाकेला थांबणारं कुत्रं पाहिजे. आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला बिबट्याची भीती असते, त्यामुळं रात्री ते आत, बंद खोलीत. हे आधीच सांगतो, म्हणजे तू त्यावरनं भांडायला नको.

'शेफर्ड म्हणजे शेफर्ड' हे तुझं दुसरं पालुपद. तसं नाही, मर्दा. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्झनं जर्मनीत जातीची नोंदवही सुरू केली आणि होरांड नावाचा पहिला कुत्रा नोंदवला, तेव्हा मेंढरं राखणारं, सरळ, चपळ कुत्रं डोळ्यांपुढं होतं. पुढं वाटा फुटल्या. प्रदर्शनवाल्यांनी रंग आणि उतरती पाठ धरली. कामवाल्यांनी दम आणि डोकं धरलं. पूर्व जर्मनीतली कुत्री भिंतीपलीकडं १९८९ पर्यंत वेगळीच राहिली, आणि चेकोस्लोव्हाकियात सीमेवरच्या पहारेकऱ्यांनी स्वतःचं केनेल चालवून आपलं रक्त तयार केलं. आपल्याकडं दिसतात ती बहुतेक प्रदर्शनवाल्यांकडची. कामवाली बहुधा करड्या रंगाची, म्हणून लोक 'हे कोल्ह्यासारखं काय' म्हणून परत फिरतात.

तसली एक कुत्री साताऱ्याकडं सापडली.

ब्रीडर कमी बोलतो, विचारतो जास्त. जमीन किती, रोज किती तास देणार, घरात कोण चिडतं, आधीचं कुत्रं कशानं गेलं. मुलगी बघायला गेल्यावरसुद्धा एवढी चौकशी होत नाही! सुलतानचं सांगितलं तेव्हा लिहायचा थांबला. कुत्री सुटीच होती. आली, हुंगलं, बाजूला बसली. मी मुद्दाम किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. दचकली, पण मग काय पडलं ते बघायला पुढं आली. शिवा, मला हेच बघायचं होतं. दचकू दे, पण सावरायला पाहिजे. बाप कुठला का असेना, पिल्लं आठ आठवडे आईच्या अंगाशी वाढतात, तिचं भ्यालेपण रक्तातनंही घेतात आणि बघूनही.

बापाकडं चेक रक्त आहे आणि त्यानं आयजीपीची, म्हणजे कामाच्या कुत्र्यांची, परीक्षा दिलीय. माग काढणं, आज्ञा पाळणं, संरक्षण, तिन्ही. बापाची प्लेट 'बी', आईची 'ए', कोपरांच्याही प्लेटा आहेत. मागच्या पायातलं बळ उतारवयात हळूहळू जातं त्या रोगाची जनुक-चाचणीही केलीय. बाप निर्दोष, आई वाहक. म्हणजे पिल्लांतली निम्मी वाहक निघू शकतात, पण दोन्हीकडनं दोष आल्याशिवाय धोका नसतो, त्यामुळं त्याचं मला भ्या नाही.

भ्या दुसऱ्याचं आहे. निघताना तो आपण होऊन म्हणाला, 'हिच्या सख्ख्या बहिणीची प्लेट डी आलीय. तुम्हाला सांगितलेलं बरं.'

तेव्हापासनं झोप उडालीय. खुब्याचा दोष एका जनुकाचा नाही, पुष्कळ मिळून होतो. आई-बाप चांगले असूनही पिल्लू बिघडू शकतं, म्हणून जाणती माणसं भावंडांच्या प्लेटा बघतात. मग ही 'ए' कितपत धरायची? बाकीच्या दोन भावंडांच्या 'ए' आणि 'बी' आहेत, त्याही त्यानं दाखवल्या. पावसाळ्यानंतर दुसऱ्या कुत्रीची पिल्लं होतील, तिच्या घराण्यात सगळं स्वच्छ. पण ती कुत्री मला जरा तापट वाटली. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी वस्तीवर उतरते, त्यांची लहान पोरं दिवसभर बांधावर. काम करायची आग असावी, पण पोरानं शेपूट ओढली तर मान वळवून बघणारं कुत्रं पाहिजे. खुबा सांभाळायचा की स्वभाव, यातच मी अडकलोय. माझा कल या पहिल्या कुत्रीकडंच आहे, हेही लिहून टाकतो. ज्यानं विचारल्याशिवाय 'डी' सांगितली, त्याच्या बाकीच्या कागदांवर माझा विश्वास बसतो.

पिल्लू तोच निवडणार, सातव्या आठवड्यात. 'सगळ्यांच्या पुढं पळणारं तुम्हाला देणार नाही,' असं आत्ताच म्हणालाय. मला ते आवडलं.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. सईला कॉमर्सच घेऊ दे, तिच्या मागं लागू नकोस. नव्या फ्लॅटचं पाणी आलं का?

चौथ्या शनिवारी तुला सुट्टी असते. साताऱ्याला उतर, स्टँडवर मी गाडी घेऊन थांबतो. ती कुत्री मागनं चालताना तू बघ. सुलतान बिघडतोय हे सगळ्यांच्या आधी तुला दिसलं होतं, आणि डॉक्टर नाही म्हणत असताना तू अडून बसला होतास. तुला चाल पटली तर तिथंच बयाणा देऊ. नाही पटली तर पावसाळा सरेपर्यंत थांबतो, शेळ्यांमागं मी स्वतः फिरेन.

येतोस का तेवढं बुधवारपर्यंत कळव, त्याला सांगायचंय.

तुझा,
बाळू

ता.क. कारवानीचा विषय गाडीत काढायचा नाही. येताना जेवताना काढ, तेव्हा उत्तर देतो.