साहेबांच्या प्रतिज्ञापत्रात आमच्या खुर्च्या कुठं आहेत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात आपण आमच्या उमेदवार साहेबांची पानभर मुलाखत छापलीत. फोटो झकास आलाय. आपण कुणाचा एक रुपयाही बुडवलेला नाही, असं साहेब म्हणाले आणि आपण ते चौकटीत ठळक टाइपात घेतलंत. आपल्या वार्ताहरानं त्यावर पुढचा प्रश्न विचारला तो आवडत्या खाण्याचा. तांबडा की पांढरा, हे कळल्यानं मतदारांची मोठी सोय झाली. साहेबांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तरी आपण छापणार नाही, आणि ज्याला कळायचं त्याला कळलंय.

मी मंडप डेकोरेटर. वडिलांच्या काळापासून शाहूपुरीत दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३) आणि जयंती नाल्याच्या बाजूचं आमचं गोदाम पाण्यात गेलं. कनाती, झालरी, गालिचे सगळ्यांचा चिखल झाला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या तेवढ्या धुऊन निघाल्या. त्या उन्हात वाळत होत्या तोवर साहेबांचा कार्यकर्ता हजर. पूरग्रस्तांचा मेळावा घ्यायचाय, आठशे खुर्च्या, स्टेज, वर पत्रे आणि पुढच्या रांगेला सोफे. विसार मागितला तर म्हणाला, "काय मामा, साहेबांच्याकडं विसार मागताय व्हय?" मी लाजलो आणि टेम्पो भरला. सोफे आमच्याकडं उरलेच नव्हते, ते दुसऱ्या डेकोरेटरकडून भाड्यानं आणले आणि त्याचं भाडं रोख दिलं. पूरग्रस्तांचा मेळावा एका पूरग्रस्तानं उधारीवर उभा करून दिला. मेळाव्यात माझा सत्कार झाला, हे खोटं कशाला सांगू? शाल मिळाली. बिल मिळालं नाही.

साहेब तेव्हा नुसते इच्छुक होते. तिकीट कटलं, त्याबरोबर आमचं बिलही कटलं. कार्यकर्ता म्हणाला, पक्षाकडं जावा. पक्षाच्या कार्यालयात म्हणाले, मेळावा साहेबांचा खासगी होता. साहेबांचे पीए म्हणाले, दिवाळी होऊ दे. पुढं लॉकडाऊन लागला, लग्नसराई बुडाली, कामगारांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून पुन्हा दार वाजवलं. साहेब विलगीकरणात आहेत म्हणे. त्याच संध्याकाळी मोबाईलवर साहेबांचे धान्यवाटपाचे फोटो आले. २०२१ ला गोदामात परत पाणी शिरलं. त्या खेपेला मेळावा झाला नाही, एवढे उपकार झाले.

आता आपण छापलेल्या प्रतिज्ञापत्राकडं येतो. सोनं किती तोळे, शेती किती गुंठे, गाडी कुठली, बँकेचं कर्ज किती, सगळं आलंय. नातवानं निवडणूक आयोगाच्या साइटवरून अख्खं प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, काढून दिलं. त्यात बँका आणि सरकार सोडून इतर व्यक्तींच्या देण्यांचाही रकाना आहे. साहेबांनी तिथं 'निरंक' लिहिलंय, तेही शपथेवर. प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, असा कायदा आहे म्हणे. मला कुणाला कैदेत घालायचं नाही. माझ्या खुर्च्यांचं भाडं हवंय.

वकिलांना विचारलं. ते म्हणाले, विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाला ४० लाखांची मर्यादा आहे, पण हिशेब धरतात तो अर्ज भरल्या दिवसापासून निकाल लागेपर्यंत. म्हणजे आचारसंहितेच्या आधी इच्छुक माणसानं घातलेला मांडव कुणाच्याच वहीत नाही. आता उमेदवाराचा खर्च मोजायला निवडणूक शाखेचं दरपत्रक असतं. खुर्ची, पंखा, चहा, नाश्ता सगळ्याचा दर ठरलेला. ते दर वाचून आमच्या धंद्यातले लोक हसतात, पण निदान लेखी तरी आहे! एकाच माणसाला दहा हजारांच्या वर रोख द्यायची नाही, चेक द्यायचा, असाही नियम आहे. आम्हाला चेक चालतो. आरटीजीएसही चालतं. शाल चालत नाही.

परवा तोच कार्यकर्ता दुकानात आला. केस पांढरे झालेत, गाडी मोठी झालीय. कोपरा सभेला खुर्च्या पाहिजेत म्हणाला. मी मागची चिठ्ठी पुढं ठेवली. त्यानं तिचा फोटो काढून घेतला आणि "साहेबांच्या कानावर घालतो" म्हणून गेला. सभा झाली, खुर्च्या दुसरीकडून आल्या. तो डेकोरेटर माझा चांगला मित्र आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं.

जाता जाता आणखी एक. लग्नाच्या मांडवासाठी गल्लीत पहारीनं चार भोकं पाडली की आमच्या हातात दंडाची पावती पडते. या सभांच्या कमानींसाठी भर चौकात खणलेले खड्डे मात्र कुणाला दिसत नाहीत. कमान उतरली तरी खड्डा तिथंच, आणि त्यात आमच्या टेम्पोचा पाटा तुटला. तोही खर्च कुणाच्या खात्यात धरायचा, तेवढं आपल्या वार्ताहरानं विचारावं. रंग आवडतो कुठला, हे नाही विचारलं तरी चालेल.

अंकाच्या पहिल्या पानावर साहेबांची जाहिरात होती आणि बातम्या तिसऱ्या पानापासून सुरू झाल्या, याबद्दल मी काही बोलत नाही. आपलं बिल साहेबांनी आगाऊ भागवलं असणार. कसं वसूल केलंत, तेवढं आम्हालाही शिकवा.

पत्र लांबलंय, आपण कापणार. फोटोचं कौतुक केलंय ते कापा, बिलाचं ठेवा.

आपला वाचक,
एक मंडपवाला
शाहूपुरी, कोल्हापूर