आत्या बोलली त्याबद्दल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा बारशात आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या सासरचे पैशासाठी बाटलेले ख्रिस्ती. आज ना उद्या हिलाही बाटवतील." तुम्ही दोघं खाली मान घालून बसलात. आत्याच्या बोलण्यापेक्षा मला तेच जास्त लागलं.

बाटवायचंच असतं तर लग्नाआधी अट घातली असती. आमचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं, ३० दिवसांची नोटीस लावून. त्यात कुणालाच धर्म बदलावा लागत नाही, आणि बाबा, तो मार्ग सासऱ्यांनीच तुमच्यासमोर सुचवला होता. माझे देव इथे कोनाड्यात आहेत. चतुर्थीच्या आदल्या रात्री सासूबाई न सांगता साबुदाणा भिजत घालतात.

जेवणाआधी सासरे प्रार्थना करतात, स्वतःच्याच शब्दांत, साध्या बोलीत. बाबांचं ऑपरेशन ठरल्यापासून रोज म्हणतात, "व्याह्यांच्या गुडघ्याला आराम पडू दे, विहीणबाईंना रात्री झोप लागू दे." आमटी निवते, पण ते घाई करत नाहीत.

हे लोक इंग्रजाळलेले, असंही आत्याला वाटतं. आमच्याकडे रविवारी सकाळी पेटी-टाळांवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं होतात. बाबा, ज्यांच्या कविता तुम्ही आम्हाला पाठ करायला लावल्यात, तेच टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओव्यांतच गायली.

राहिला पैसा. सासऱ्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. मिशनच्या शाळेत त्यांच्या हातात पहिल्यांदा पाटी आली, इतर मुलांच्या मांडीला मांडी लावून बसता आलं. ज्यांनी जवळ बसवलं, त्यांच्याकडे ते गेले. शिकून मास्तर झाले, गावातल्या पोरांना त्यांनीच वाचायला शिकवलं. याला लोभ म्हटलेलं मला सहन होत नाही, आई. विहीर कुणी बंद केली होती, हे आपल्या घरात कधी कुणी विचारलं नाही.

दारूचं म्हणाल, तर या घरात येत नाही. सगळी ख्रिस्ती घरं अशीच असतात असं मी म्हणणार नाही. पण आपल्या काकांच्या पिण्यावरून कुणी आपल्या धर्माला नावं ठेवली का?

आई, आत्याशी भांडू नकोस. एवढंच म्हण, "मी त्या घरी राहून आलेय, तू म्हणतेस तशी ती माणसं नाहीत." मी बोलले की सासरची बाजू घेते म्हणतात. तुझं ती ऐकेल.

ऑपरेशननंतर बाबांना जिने नकोत. आमचं घर तळमजल्यावर आहे आणि सासूबाईंनी आतली खोली मोकळी करून ठेवली आहे. महिनाभर इकडेच या. बाबांना बघायला आत्या येईलच, तिलाही इथेच येऊ दे.

तुमची,
लेक