चंद्राचा दगड, पण बातमी फक्त किमतीची का?

संपादकांना नमस्कार,

चंद्रावरून आलेल्या दगडाच्या लिलावाची बातमी तुम्ही छापलीत त्याबद्दल आधी मनापासून आभार, एरवी हा विषय पेपरात येतच नाही. पण वाचून जरा हिरमुसले. सगळा भर किंमत किती, ग्रॅमला किती, घेणारा कोण यावर, आणि तो दगड चंद्रावरचाच आहे हे कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, त्यावर एक ओळ नाही! मी गेली काही वर्षं अशनींचे, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांचे, छोटे छोटे तुकडे जमवतेय, आणि घरी येणारा प्रत्येक माणूस तुकडा हातात घेऊन पहिलं हेच विचारतो, "कशावरून चंद्रावरचा?" (बातमीत त्याला उल्का म्हटलंय तेही बरोबर नाही, आकाशात जळताना दिसते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी.)

तर कशावरून ते सांगते. १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या अपोलो यानांच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती चंद्रावरून आणली, म्हणजे ताडून बघायला अस्सल नमुना आपल्याकडे आहे. दगडातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण बघतात, पृथ्वी आणि चंद्राचं हे प्रमाण जवळपास सारखं आहे आणि बाकी बहुतेक अशनींचं वेगळं. मग लोह आणि मँगनीजचं गुणोत्तर काढतात, ते चंद्राचं वेगळं आणि पृथ्वीचं वेगळं. शिवाय अंतराळात फिरताना वैश्विक किरणांचा, म्हणजे अवकाशातल्या अतिवेगवान कणांचा, मारा बसल्याच्या खुणा दगडात राहतात, त्या पृथ्वीवरच्या दगडात तशा सापडत नाहीत. एवढं सगळं जुळलं की मग कुठे तो चंद्राचा.

आणि तो इथे येतो कसा? चंद्रावर दुसरा अशनी आदळतो, खड्डा पडतो आणि काही दगड इतक्या जोरात उडतात की परत खाली पडतच नाहीत. चंद्राचं गुरुत्वाकर्षण कमी, सेकंदाला साधारण २.४ किलोमीटर वेग मिळाला की सुटका, पृथ्वीवरून सुटायला ११.२ लागतो, त्यात तिथे अडवायला हवा नाही. काही दगड हजारो वर्षांत इथे पोचलेत, काहींना लाखो लागलीत. चंद्रावरचा दगड पडताना कुणी डोळ्यांनी पाहिलाय अशी नोंद मात्र एकही नाही, सगळे नंतर सापडलेले.

ओळख पटलेला पहिला सापडला १८ जानेवारी १९८२ ला, अंटार्क्टिकात ॲलन हिल्स भागातल्या बर्फावर. जेमतेम ३१ ग्रॅमचा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत खनिजतज्ज्ञ ब्रायन मेसन यांनी त्याचा काप तपासला आणि आतले पांढरे तुकडे अपोलोच्या दगडांसारखे दिसतात हे त्यांच्या लक्षात आलं. त्याआधी कित्येकांना वाटायचं की एवढ्या धडकेत दगड वितळून जाईल, अख्खा बाहेर पडूच शकणार नाही. या चिमुकल्या दगडाने ती शंका मिटवली आणि मंगळावरूनही दगड येऊ शकतात हे मानायला लोक तयार झाले. मला विचाराल तर लिलावातल्या कुठल्याही दगडापेक्षा याचं मोल जास्त आहे आणि तो कधीच विकला जाणार नाही, कारण अंटार्क्टिकात सापडलेले दगड संशोधनासाठी राखून ठेवतात.

संग्राहकांना ओढ का वाटते तेही यातच आलं. अपोलोचे दगड अमेरिकेच्या सरकारचे, नासा ते विकत नाही. सोव्हिएत रशियाच्या लूना १६ यानाने १९७० मध्ये आणलेले काही कण रॉकेट घडवणाऱ्या दिवंगत कोरोल्योव्ह यांच्या पत्नीला भेट दिले होते, ते सदबीजच्या लिलावात आधी १९९३ मध्ये आणि परत २०१८ मध्ये विकले गेले, दुसऱ्या वेळी ८ लाख ५५ हजार डॉलरला, आणि वजन किती तर सगळे मिळून सुमारे ०.२ ग्रॅम! असे अपवाद सोडले तर आमच्यासारख्यांना चंद्र हातात घ्यायचा रस्ता एकच, सहारा किंवा ओमानच्या वाळवंटात सापडलेला अशनी. २०२० मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीने सहारातला साडेतेरा किलोचा एक २० लाख पौंडांना विक्रीला काढला होता, पण छोटे काप सामान्य माणसालाही झेपतात. माझ्याकडचा काप नखाएवढा आहे, करड्या रंगात पांढरे ठिपके. ते पांढरं म्हणजे चंद्रावरचा उजळ दिसणारा उंच भाग. ज्याला आपण चंद्रावरचा ससा म्हणतो ते काळे डाग म्हणजे थिजलेला लाव्हा, तशा लाव्हाचेही अशनी मिळतात. बोट्सवानात १९९९ मध्ये सापडलेला कालाहारी ००९ हा त्यातलाच, वय सुमारे ४३५ कोटी वर्षं. शिवाय अपोलोची माणसं चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूलाच उतरली, अशनी मात्र कुठूनही उडालेला असू शकतो, पलीकडच्या बाजूचासुद्धा. रात्री खिडकीत उभं राहून तो काप हातात धरला की अजूनही अंगावर काटा येतो, खरंच सांगते.

आता काळजीची गोष्ट. बातमीत नुसती किंमत छापली की नकली माल विकणाऱ्यांचं फावतं. मी स्वतः सुरुवातीला फसले. एका विक्रेत्याने "चुंबक चिकटतं म्हणजे अशनीच" असं सांगून काळा तुकडा गळ्यात मारला आणि मी घेतला. साध्या अशनींना चुंबक चिकटतं हे खरं आहे पण चंद्राच्या दगडात लोखंड धातूरूपात फारच कमी, चुंबक जेमतेम ओढ घेतं. माझा तुकडा चुंबकाला टप्पकन चिकटायचा, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी बघितलं तर ती भट्टीतली स्लॅग, म्हणजे धातू गाळताना उरणारा टाकाऊ मळ, निघाली! पैशांपेक्षा कित्येक महिने मी तो लोकांना कौतुकाने चंद्राचा म्हणून दाखवत होते याचं जास्त वाईट वाटलं.

हे टाळता येतं. मीटिऑरिटिकल सोसायटी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था तपासलेल्या प्रत्येक अशनीला नाव देते, वाळवंटातल्यांना बहुतेक वेळा नाव आणि नंबर, आणि त्यासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, जे कमी असेल तेवढा तुकडा संशोधन संस्थेत कायमचा जमा करावा लागतो. म्हणजे संग्राहकाने पैसे मोजले तरी विज्ञानाचा वाटा बाजूला निघतो, म्हणून हौसेने जमवणाऱ्यांना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. पण सहाराच्या बऱ्याच दगडांना नुसतं 'नॉर्थवेस्ट आफ्रिका' आणि पुढे नंबर असतो, कारण तो बाजारात विकत घेतलेला असतो, नेमका कुठे पडला होता ते हरवलेलं असतं. ती जागा कुणी लिहून ठेवली असती तर त्याच दगडाचे बाकीचे तुकडे शोधता आले असते, ही हळहळ मला कायम राहते.

तर विनंती एवढीच, तुमच्या बातमीतल्या दगडाचं अधिकृत नाव आणि नंबर मिळवून एका ओळीत छापा. संस्थेची यादी ऑनलाइन फुकट बघता येते, नंबर मिळाला की दगड कधी नोंदवला, वजन किती, नमुना कुठल्या संस्थेत ठेवलाय हे वाचकांना स्वतः बघता येईल. मी तर त्याच दिवशी बघणार आहे.

आपली,
एक नियमित वाचक