बंदीचे परिपत्रक आणि खिशातला फोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑफिसात एआय वापरायचे नाही, असे फर्मान काढले की प्रश्न मिटला, असे बऱ्याच साहेबलोकांना वाटते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये चॅटजीपीटी, डीपसीकसारखी एआय साधने कार्यालयीन संगणकांवर टाळावीत असे आपल्या कर्मचाऱ्यांना कळवले. सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा सोर्स कोडच (सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) चॅटजीपीटीत टाकल्यावर त्या कंपनीने २०२३ मध्ये असाच बडगा उगारला होता. माहिती बाहेर जाण्याची भीती खोटी नाही. पण बंदीने ती थांबते का?

माझी भाची पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. तिथे लॅपटॉपवर एआयच्या साइट ब्लॉक आहेत. मग मंडळी स्क्रीनवरच्या एक्सेल शीटचा मोबाइलवर फोटो काढतात, आपल्या फुकटच्या खात्यावर चढवतात आणि आलेले उत्तर स्वतःलाच मेल करून लॅपटॉपवर उतरवून घेतात. ग्राहकाचे नाव, जीएसटी क्रमांक, थकबाकी, सगळे त्या फोटोत. आयटी विभागाच्या अहवालात एआयचा वापर शून्य! फुकट खात्यांत टाकलेला मजकूर पुढे मॉडेल शिकवायला वापरला जाऊ शकतो. कंपन्यांसाठीच्या सशुल्क खात्यांत सहसा तसे होत नाही. म्हणजे चार पैसे वाचवून कंपनीने आपली माहिती जास्त उघड्यावर टाकली.

याच कंपनीत लॅपटॉपवर पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर मात्र आहे. ठरावीक वेळाने ते स्क्रीनशॉट घेते, कीबोर्ड किती वेळ हलला ते मोजते. जेवणाच्या सुटीत कोणी वडिलांचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट उघडला, तर तोही टिपला जातो. हे सारे कोण पाहते, किती दिवस ठेवते, हे विचारायची सोय नाही. नव्या डेटा संरक्षण कायद्याच्या (२०२३) सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीवाचून वापरायची मुभा आहे. मालकांना ते कलम पाठ असते. जर्मनीत कंपनीत कर्मचाऱ्यांनी निवडलेले कामगार मंडळ असेल, तर असे सॉफ्टवेअर बसवण्याआधी त्याची मान्यता लागते. युरोपीय संघाने तर कामाच्या ठिकाणी एआयने कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखण्यावर फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच घातली आहे. अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. आपल्याकडे मालकाने निदान काय टिपतो ते लेखी कळवण्याइतके सौजन्य तरी हवे.

मी बँकेत उभी हयात काढली. तिथे मेकर एंट्री टाकतो आणि चेकर ती तपासून पास करतो. दोघांचे आयडी सिस्टीममध्ये राहतात. मेकरने किती वेळा माउस हलवला हे कोणी विचारले नाही. चुकीचे व्हाउचर पास झाले की मात्र चेकरची धडगत नसे. एआयच्या कामालाही हीच शिस्त लागू पडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते, हे त्यामागचे एक कारण. एआयच्या काळात यंत्रणेने दिलेली उत्तरे डोळे झाकून वापरू नका, पडताळून घ्या, असे न्यायालयाला सांगावे लागले. त्या टेबलावर स्क्रीनशॉट घेणारे सॉफ्टवेअर असते, तर त्याने संबंधित अधिकारी मन लावून काम करत असल्याचाच दाखला दिला असता.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण केले, ते मला जास्त व्यवहारी वाटते. मान्यताप्राप्त साधनेच वापरायची, निर्णय त्यांच्यावर सोपवायचा नाही, आणि कुठे वापर झाला व माणसाने तो कसा पडताळला याची नोंद ठेवायची.

मोठ्या कंपन्या वकील लावून आपापली धोरणे करतीलच. मला काळजी आहे ती गावोगावच्या पतसंस्थांची आणि सीएंच्या कार्यालयांची. सभासदांची आधार कार्डे आणि सात-बारे तिथल्या पोरांच्या मोबाइलवर असतात आणि धोरण वगैरे कोणाच्या गावीही नसते. सहकार खात्याने पतसंस्थांच्या वार्षिक लेखापरीक्षणात एवढे तीनच प्रश्न घालावेत: संस्थेचे स्वतःचे एआय खाते आहे का, सभासदांची कोणती माहिती त्यात टाकायची नाही हे लेखी दिले आहे का, आणि तयार झालेल्या कागदावर तपासणाऱ्याची सही आहे का. उत्तर ‘नाही’ आले, तर दोष दुरुस्ती अहवालात तो मुद्दा यावा.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली