सूचना : लहान गटाला बॉल शिकवताना

सकाळचा सराव ६ ते ७ असाच राहील. ऊन चढलं की कोबा तापतो.

आधी बॉल तपासा. फुटसालचा (कोब्यासारख्या कडक मैदानावर पाच-पाच जणांत खेळायच्या फुटबॉलचा) बॉल ४ नंबरचा, घेर ६२ ते ६४ सेंमी. २ मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा ५० ते ६५ सेंमी, म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या थोडा वर. साधा फुटबॉल असेल तर तेवढी उसळी येईपर्यंत हवा कमी करा. उसळणाऱ्या बॉलवर लहान लेकरं ताबा शिकूच शकत नाहीत.

पहिले दोन आठवडे फक्त तळपाय. येणारा बॉल चवड्याखाली थांबवायचा: टाच खाली, चवडा वर, गुडघा सैल. पोरं सगळा पाय बॉलवर ठेवून भार देतात, मग बॉल निसटतो नाहीतर पोरगं मागं पडतं. भार दुसऱ्या पायावरच हवा. मग तळपायानं बॉल मागं ओढणं, आतल्या बाजूनं वळवणं. दोन्ही पायांनी २०-२० वेळा. डावा पाय टाळू देऊ नका.

ड्रिबलिंगसाठी (बॉल पायाशी ठेवून पुढं नेण्यासाठी) दीड-दीड मीटरवर सहा विटा नको, ठेच लागते. जुन्या चपला ठेवा. प्रत्येक पावलाला एक स्पर्श. बॉल दूर जातो कारण पोरगं त्याला ढकलतं आणि मागं धावतं. मान वर राहावी म्हणून समोर उभं राहून बोटं दाखवा, आकडा ओरडून सांगायला लावा.

रांगा लावू नका, दोघांत एक बॉल द्या. कोब्यावरची रेती आधी झाडून घ्या. पाण्याची बाटली घरूनच आणावी.